नोंद नसलेलं नाव

४ नोव्हेंबर

चि. भावजयबाई,

तुझ्या नवऱ्याचा फोन आला. बराच वेळ तो नुसताच हसत होता, तेव्हा मुलगी झाली हे मला हसण्यावरूनच ताडावं लागलं. वजन किती म्हणून विचारलं तर म्हणाला, "लिफ्टला काही त्रास नाही." जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून माणसाचा विनोद कुठल्या मजल्यावर अडकतो ते बघ. माझा धाकटा भाऊ आहे म्हणून मी ऐकून घेते, तुला तर इलाजच नाही.

मूल सुखरूप, तू सुखरूप. उत्तम झालं. आता नावाची घाई करू नकोस. या बाबतीत तरी नणंदेचं ऐकावंस, कारण नणंदेचा तोच धंदा आहे. संस्कृतात एम.ए. करून मी कारखान्यात साबणांना नि फरशी पुसायच्या औषधांना नावं देते. विद्या कधी वाया जात नाही, असं आमचे सर म्हणत. ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे फिनेल नसावं. जिन्याखाली माझं टेबल आहे, टेबलावर कोश आहेत आणि डोक्यावरून दिवसभर चपला जातात. आमचे विक्रीप्रमुख सांगतात, "बाई, नाव असं द्या की तोंडात पान असलं तरी गिऱ्हाइकाला मागता आलं पाहिजे." मुलीच्या नावालाही याहून वेगळी कसोटी मला माहीत नाही. आयुष्यभर तिला बरेच लोक तोंडात काहीतरी असतानाच हाक मारणार आहेत.

साबणांसाठी नापास झालेली पुष्कळ नावं माझ्याकडे शिल्लक आहेत. हवी तर पाठवते. काही तर फेसाला फारच चांगली होती.

तुझी,
वन्सं

१५ नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार. वाकून करत नाही, टाके ओले आहेत.

साबणाची उष्टी नावं माझ्या मुलीला नकोत. इथे नावांचा पाऊस पडलाय. आई म्हणते शांता. शेजारची म्हणते मायरा, तिच्या भाचीचंही तेच आहे आणि भाचीच्या जावेच्या मुलीचंही. चष्म्याच्या दुकानातल्या आमच्या मालकीणबाई भेटायला आल्या आणि क्षमा ठेवा म्हणाल्या. त्यांची एक नात अनसूया आहे, म्हणून तेही सुचवून गेल्या. तुमचे बंधू म्हणतात, "अजून चेहराच नीट बसला नाही, नाव कसलं ठेवता?"

वन्सं, तुम्ही हसाल, पण एक सांगते. शाळेत माझ्या वर्गात माझ्या नावाच्या चौघी होत्या. हजेरी घेताना बाई आम्हाला पहिली, दुसरी असं म्हणायच्या. मी तिसरी. सगळी शाळा संपेपर्यंत मी तिसरी होते. अजूनही कुणी रस्त्यात माझ्या नावाने हाक मारली तर मी वळून बघत नाही, दुसऱ्या कुणालातरी असेल असंच वाटतं. लग्नात तुम्ही मला चष्मेवाली म्हणालात. सगळे हसले, मीही हसले. खरं सांगू? आवडलं होतं. तेवढं तरी एकटीचं होतं.

म्हणून माझ्या मुलीला असं नाव हवंय की जे दुसऱ्या कुणाचंच नाही. हाक आली की ती आपल्यालाच, एवढं तिला कळलं पाहिजे. बाकी अर्थ काय, अक्षरं किती, ते तुम्ही बघा. तुम्ही विदुषी.

तुमची,
चष्मेवाली

२२ नोव्हेंबर

चि. चष्मेवाली,

तुझी यादी वाचून आमच्या जिन्याखाली बऱ्याच दिवसांनी हसू ऐकू आलं. वरून जाणारे दोन कारकून थांबले.

शांता नको. आधी मुलीचा आवाज ऐका, मग ठरवा. परवा फोनमधून मी तो ऐकला आहे. क्षमाही नको. एवढ्या लहान वयात सगळ्या घराने तिच्याकडे रोज क्षमा मागायची म्हणजे पोर शेफारेल. अनसूया म्हणजे जिच्या मनात मत्सर नाही अशी. आपल्या घराण्यात हे नाव कुणाला पेललेलं नाही, पोरीवर पहिल्याच महिन्यात एवढा बोजा नको. राहिलं मायरा. त्याचा अर्थ मी तीन कोशांत शोधला. चौथा कोश मला म्हणाला, "बाई, घरी जा."

आता थट्टा पुरे. तिसरीची गोष्ट तू मला आधी कधी सांगितली नव्हतीस. दुसऱ्या कुणाचंच नसलेलं नाव घडवता येतं. दोन चांगले शब्द जवळ आणायचे नि ते आपसात भांडत नाहीत ना ते पाहायचं. पण ते बसल्या जागी होत नाही. ज्या माणसाचं नाव, ते समोर असावं लागतं. साबणाचं सोपं असतं, वडी समोर ठेवता येते. मुलीचा एक फोटो पाठव. डोळे उघडे असलेला. मग मी बसते. हे काम मी कंपनीसाठीही मनापासून करत नाही, तुझ्यासाठी करीन.

वन्सं

२ डिसेंबर

वन्सं,

फोटो पाठवत नाही, कारण आता गरज नाही. नाव मिळालं!

आणि कुणाला सुचलं असेल? तुमच्या ठोंब्या भावाला. रविवारी संध्याकाळी तिला खांद्यावर टाकून हे गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. ती किरकिर करत होती. हे एकदम थांबले आणि ते नाव म्हणाले. मी आतून विचारलं, "काय म्हणालात?" पुन्हा म्हणाले. मी तीनदा वदवून घेतलं. "कुठून आणलंत हो?" तर म्हणे, "आलं डोक्यात." ज्या माणसाच्या डोक्यात वायररोप आणि ग्रीस याशिवाय काही येत नाही, त्याच्या डोक्यात हे आलं! मी हे नाव जन्मात ऐकलेलं नाही. दुकानातल्या सगळ्यांना फोन करून विचारलं, कुणीच ऐकलेलं नाही. आणि वन्सं, ती गप्प झाली. खरंच. नाव म्हटलं की किरकिर थांबते. आता आम्ही औषधासारखं वापरतो.

सोबत कार्ड आहे. त्यावर मी स्वतः निळ्या शाईने नाव लिहिलंय. आधी पत्र पुरं वाचा, मग कार्ड उघडा. तुम्ही उलट करणार हे मला माहीत आहे.

अर्थ कळवा. महिनाअखेरपर्यंत नोंद करायची आहे.

तिसरी नाही, पहिल्या मुलीची आई

५ डिसेंबर

चि. सौ. भावजय,

पत्र आणि कार्ड पोचलं.

स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. हे नाव ठेवू नका. मुळात हे नावच नव्हे, कोणत्याही कोशात असा शब्द नाही. कुणीतरी दोन तुकडे ओढूनताणून जोडले आहेत. पहिला तुकडा एक वेळ चालेल. दुसरा मात्र वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत जखमेतून वाहणाऱ्या पुवासाठी येतो. जाणती माणसं ऐकतील आणि तोंड फिरवून हसतील. मुलगी मोठी झाल्यावर कुणी शिक्षिका भर वर्गात अर्थ सांगेल, मग तिला तिसरी असणं परवडलं असं वाटेल.

तुझ्या नवऱ्याला लहानपणापासून चुकीच्या वेळी चुकीची गोष्ट आठवायची खोड आहे.

मी दुसरी नावं घडवून पाठवते. या आठवड्यातच पाठवते. नोंद तेवढी थांबव.

वन्सं

१९ डिसेंबर

वन्सं,

तुमची नावं पोचली. सातही चांगली आहेत. एकही घेणार नाही.

सव्वा महिना होताच मी कामावर जायला लागले. आमच्या दुकानात एक म्हातारे गिऱ्हाईक येतात. मोतीबिंदू काढलाय, नवा नंबर करून घ्यायला आले होते. निवृत्त प्राध्यापक आहेत, संस्कृतचेच. नंबर तपासता तपासता मी त्यांना ते नाव सांगितलं आणि तुम्ही लिहिलेला पुवाचा अर्थ खरा का, ते विचारलं. त्यांनी चाचणीचा चष्मा डोळ्यांवरून उतरवला आणि म्हणाले, "असं कुणी सांगितलं तुम्हाला? तसा काही अर्थ नाही. मावळल्यानंतर थोडा वेळ जो उजेड राहतो ना, तो." मी म्हटलं, कोशात नाही म्हणे. ते म्हणाले, "नसेल. हे बाजारातलं नाव नाही, मुली. कुणीतरी जीव लावून घडवलेलं आहे. कोण ते?"

मी काय सांगणार? लिफ्टवाल्याने?

तुम्ही मला फसवलंत. साधं आवडलं नाही म्हणाला असतात, तर मी चिडले असते आणि विसरले असते. पण तुम्ही तुमची सगळी विद्या लावून माझ्या मुलीच्या नावात पू भरलात. ते पत्र वाचल्यावर तिला हाक मारताना दोनदा माझी जीभ अडखळली. कशासाठी हे? तुमच्याऐवजी तुमच्या भावाला सुचलं म्हणून? की स्वतःला मूलबाळ नाही म्हणून?

मला उत्तर हवंय. थट्टा नको.

२४ डिसेंबर

चि. भावजय,

थट्टा करत नाही.

मला मूलबाळ नाही हे तुला कुणी सांगितलं? मला एक मुलगी झाली होती. तुमच्या लग्नाच्या पुष्कळ आधी. दुपारी आली आणि दिवे लागल्यावर गेली. तुझे नंदावे तेव्हा बाहेरगावी होते, पुढे ते तिथेच राहिले. माझ्याजवळ फक्त तुझा नवरा होता. कॉलेजात होता, परीक्षा बुडवून आला होता.

आमची खाट खिडकीजवळ होती. समोरच्या भिंतीवर खिडकीचा चौकोन पडला होता. सूर्य पलीकडच्या इमारतीमागे गेला तरी तो चौकोन गेला नाही, फिका होऊन थोडा वेळ राहिला. मी त्याच्याकडे बघत होते आणि ती माझ्या हातात श्वास घेत होती. तो आहे तोवर ही आहे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. त्या उजेडाला एक असा शब्द नाही. मी केला. तुझ्या नवऱ्याने विचारलं, "ताई, हिला काय म्हणायचं?" मी सांगितलं. त्याने तिच्या तळपायाला बोट लावलं आणि ते नाव म्हटलं. तिने पाय ओढून घेतला.

त्या नावाचा वापर तेवढाच. मी ते कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही, पुन्हा उच्चारलंही नाही. आजही लिहीत नाही. तुझं कार्ड टेबलावर उपडं ठेवलं आहे.

पुवाचं मी खोटं लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही.

तुला दुसऱ्या कुणाचंच नसलेलं नाव हवं होतं. हे एका मुलीचं आहे. तिच्याजवळ दुसरं काहीच नाही. ते सोड. बदल्यात म्हणशील ते करीन.

वन्सं

१० जानेवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा नोंद झालेली नव्हती. हे लपवत नाही. हातात दोन दिवस होते. पत्र वाचलं, यांना वाचायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन नोंद करून आलो.

आता तुम्ही मला राक्षसीण म्हणाल. म्हणा. पण हीच गोष्ट तुम्ही ५ तारखेच्या पत्रात लिहिली असती, तर मी रडले असते आणि नाव सोडलं असतं. शप्पथ सांगते, सोडलं असतं. तुम्ही ती लिहिली नाहीत. माझी शोभा केलीत, माझ्या मुलीची केलीत, आणि पकडल्या गेलात तेव्हा मेलेलं मूल पुढे केलंत. लग्न झाल्यापासून तुम्ही असंच करत आलात, वन्सं. आधी टपली मारायची, समोरच्याने हात उचलला की आपण किती दुःखी ते दाखवायचं. गोड बोलून टोचायची विद्या तुमची, मी आपली चष्मे पुसणारी. पण आता मला दिसायला लागलंय.

यांना मी विचारलं, "तुम्हाला आठवत होतं?" यांनी पत्राची घडी घालून ठेवली. मग म्हणाले, "आठवत होतं. एवढं चांगलं नाव नुसतं पडून होतं. ताई विसरली असेल असं वाटलं." तुमचाच भाऊ हा.

नोंदणीच्या कचेरीत मी मुद्दाम विचारलं, हे नाव याआधी कुणाचं आहे का? कारकुनाने शोधून सांगितलं, "एकही नाही, बाई. पहिलंच." म्हणजे तुमच्या मुलीची या नावाने नोंद नाही. कुठेच नाही. मनात ठेवलेलं नाव आपल्या मालकीचं होत नसतं, वन्सं. ते आता माझ्या मुलीचं आहे. शिक्का मारून आहे.

आणि एक सांगते. तुमच्या मुलीने ते नाव ऐकून पाय ओढून घेतला. माझी हसते.

१४ जानेवारी

चि. सौ. भावजय,

पत्र पोचलं. तुझ्या म्हणण्याचा मी शांतपणे विचार केला. त्यात खोट काढता येत नाही. नोंद नाही तिथे हक्क नाही. इतकी वर्षं हाच धंदा करून मला हे सुचू नये याचं नवल वाटतं.

मुलीला आशीर्वाद.

वन्सं

३० ऑगस्ट

चि. सौ. भावजय,

बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे. मुलगी आता रांगत असेल. तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे? लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरताना वाकू नको म्हणावं.

सोबत एक वेष्टन आहे. आधी पत्र पुरं वाच, मग वेष्टन उलगड.

आमच्या कारखान्याने या उन्हाळ्यात नवा माल काढला. उंदीर मारायचं औषध. गुलाबी दाणे असतात, पत्र्याच्या डबीत. विक्रीप्रमुख माझ्या टेबलाशी येऊन बसले. म्हणाले, "बाई, या धंद्यातली सगळी नावं हिंस्र आहेत. वाघ, काळ, झटका. बायकांना अशी डबी स्वयंपाकघरात ठेवायला नको वाटतं. काहीतरी सौम्य द्या. घरातल्या माणसासारखं." मी म्हटलं, एक आहे, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला, मावळल्यानंतर थोडा वेळ राहतो तो उजेड. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! म्हणजे उंदीर बाहेर पडतात ती वेळ! दाणे नेमके तेव्हाच टाकायचे असतात!" हा अन्वय मला सुचला नव्हता. उगाच आपण विद्वान म्हणवतो.

व्यापारी नावांच्या कचेरीत मी स्वतः गेले. तिथेही कारकुनाने शोधून पाहिलं. त्यांच्या दप्तरात हे नाव आणखी कुणाच्या मालाला नव्हतं. शिक्का मारून मिळालं.

तुझी मुलगी ते नाव ऐकून हसते असं तू लिहिलं होतंस. आता तिला हसायला भरपूर मिळेल. पुढच्या महिन्यात बसच्या पाठीवर येतं आहे, रेडिओवर दर तासाला आहे. दुसऱ्या कुणाचं नाही, असं नाव तुला हवं होतं. सात नावं मी घडवून पाठवली होती, ती अजूनही कुणाचीच नाहीत.

वन्सं

१२ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्हाला पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. हे शेवटचं.

पाळणाघरातल्या बाई मुलांना खिडकीशी घेऊन उभ्या राहतात आणि बस गेली की म्हणतात, "बघ, तुझी बस आली." त्या वाईट नाहीत, त्यांना ती गंमतच वाटते. आता मोठी मुलं तिला दाणे म्हणतात. एकाने तिच्या हातातला बिस्किटाचा तुकडा काढून घेतला. म्हणाला, "हिचं खाऊ नका, मराल." चार वर्षांचा आहे तो. दुकानात मालकीणबाईंनी माझ्यासमोर कोपऱ्यातली तुमची डबी उचलून आत नेली. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही नाव बदललं. अर्ज, शपथपत्र, जाहीर सूचना, सगळं केलं. तुम्ही जिंकलात.

नवं नाव काय ते तुम्हाला सांगणार नाही. यांना माझ्या गळ्याची शपथ घातली आहे. तुमच्या भावाची मुलगी या जगात ज्या नावाने वाढेल, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. कोशात शोधत बसा.

आता ऐका. नव्या नावाने हाक मारली तर ती बघत नाही. तोंडात अंगठा घालून बसून राहते. रेडिओ लागला आणि त्यावर ते नाव आलं, की सगळं टाकून त्याच्याकडे दुडदुडत जाते. रेडिओला हात लावते. हसते. आम्ही रेडिओ विकून टाकला.

मला तिसरी म्हणणाऱ्या बाईंना काही माहीत नव्हतं. तुम्हाला सगळं माहीत होतं.

(ताई, हे मी खाली तिला न विचारता लिहितोय. काल एका इमारतीच्या लिफ्टमध्ये त्या डबीच्या जाहिरातीचा कागद चिकटवलेला होता. मी पट्टीने खरवडून काढला. वॉचमन म्हणाला, साहेब, आणखी अकरा लिफ्ट आहेत. ताई, मी त्या दिवशी तिच्या पायाला हात लावला होता. तुझ्याशिवाय तिला मीच एकट्याने पाहिलंय. मला तरी विचारायचंस.)

६ मार्च

चि. सौ. भावजय, आणि चोरून लिहिणाऱ्या तुलाही,

उत्तर नको असं तुम्ही दोघांनी न लिहिताच लिहिलं आहे. तरी लिहिते. मनुष्य सवयीचा गुलाम, त्यातून मी पत्राला उत्तर देणाऱ्या पिढीतली.

तू लिहितेस, मी जिंकले. मग निकाल तुला कळायला हवा.

डबी जोरात चालली आहे. कारखान्यात आजवर इतका कुठलाच माल गेलेला नाही. विक्रीप्रमुखांनी माझं टेबल जिन्याखालून काढून खिडकीशी दिलं. दिवसभर माझ्या मुलीचं नाव माझ्या कानावर पडतं. "तिचे चारशे खोके पाठवा." "ती ओलीमुळे खराब झाली, परत आली." "तिने कुत्रं मेलं, तक्रार आहे." एका दुपारपुरतं नाव होतं, आता कोणत्याही थोर बाईपेक्षा जास्त लोकांच्या तोंडी आहे. कुठल्या आईला एवढं मिळतं?

तुझं पत्र आल्यावर मी मालकांकडे गेले. म्हटलं, नाव बदलू या, मी याहून चांगलं देते. ते हसले. चांगले गृहस्थ आहेत, चहा मागवला. म्हणाले, "बाई, खुळ्या की काय? चाललेलं नाव बदलायचं? पोटच्या पोरीचं नाव कुणी बदलतं का?" मी म्हटलं, बदलतात काही लोक. ते म्हणाले, "ते लोक वेगळे."

मुलीचं नवं नाव मी विचारणार नाही. शपथ मोडायला लावणार नाही. फक्त अर्थ काय तो कळव. एवढं कळलं तरी मला पुरेल. बरं, तेही राहू दे.

काल घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानात थांबले. माझ्यापुढे एक बाई उभी होती, कडेवर मूल होतं. तिने डबी मागितली. दुकानदाराने आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, आणि नाव पार वाकडं उच्चारलं. मधला स्वर गिळूनच टाकला. तिथे मला गप्प राहता आलं नाही. मी म्हटलं, असं नाही, आणि नीट म्हणून दाखवलं. सावकाश. त्या संध्याकाळनंतर ते माझ्या तोंडून मोठ्याने पहिल्यांदाच आलं. कागदावर तर मी ते आधीच काढलं होतं, चिठ्ठीवर, मग नोंदणीच्या अर्जात, मोठ्या अक्षरांत.

त्या बाईच्या कडेवरच्या मुलाने माझ्याकडे वळून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "तुम्हालाही एक देऊ का?"

मी हो म्हटलं. त्याने कागदात गुंडाळून दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि घरी आणली. आमच्याकडे उंदीर नाहीत.

ताई